समेवर न येणारं नेट

सहा सप्टेंबर २०२५. अनंत चतुर्दशी. इकडे लक्ष्मी रोडवर ढोल घुमत होते आणि तिकडे सौदी अरेबियात, जेद्दाजवळ, लाल समुद्राच्या तळाशी इंटरनेटच्या दोन मोठ्या केबल तुटल्या. 'सी-मी-वी ४' आणि 'आयएमईडब्ल्यूई' ही त्यांची नावं. दोन्ही आपल्या मुंबईच्या किनाऱ्यापर्यंत येतात. कुठल्या तरी व्यापारी जहाजाचा नांगर फरफटत गेला असावा, असा जाणकारांचा अंदाज. मायक्रोसॉफ्टने जाहीर करून टाकलं, की मध्यपूर्वेतून जाणारी आमची वाहतूक दुसऱ्या रस्त्याने वळवली आहे, तेव्हा उशीर होईल, सांभाळून घ्या. परदेशातल्या लेकी-सुना व्हिडिओ कॉलवर घरच्या गणपतीचं विसर्जन बघत होत्या, त्यांच्याकडे बाप्पा मधेच थिजले, ते त्यामुळे असू शकतं.

पण पुढचा महिनाभर आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नेटच्या प्रत्येक तक्रारीला एकच उत्तर होतं. सिनेमा अडकतोय? लाल समुद्र. मुलाचा ऑनलाइन क्लास तुटतोय? लाल समुद्र. वास्तविक आपण रात्री बघतो ते सिनेमे आणि मालिका बहुतेक वेळा मुंबई-पुण्यातल्याच साठ्यातून येतात, त्यांचा लाल समुद्राशी काडीचा संबंध नाही. कंपनीच्या कॉल सेंटरलाही हे उत्तर फार आवडलं. समुद्राचं नाव घेतलं, की घरापर्यंत माणूस पाठवावा लागत नाही ना!

मला या विषयात डोकं घालावं लागलं ते माझ्या एका मैत्रिणीमुळे. ती शास्त्रीय गाणं शिकवते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये क्लास ऑनलाइन गेला, आणि मग न्यू जर्सीतल्या मराठी घरांतल्या सात-आठ मुली तिच्याकडे आल्या त्या कायमच्याच. शनिवारी आपल्याकडे संध्याकाळी साडेसहा, तिकडे सकाळचे नऊ. घरात तिची कमाई आता नवऱ्याच्या पगाराच्या निम्मी आहे आणि ती सगळीच्या सगळी या एका तारेवर अवलंबून आहे. मागच्या पावसाळ्यापासून क्लास धड होईना. तान अर्ध्यावर कापली जायची, चित्र पुढे आणि आवाज मागे. दोन मुलींच्या आयांनी 'सध्या थोडा ब्रेक घेतोय' असा गोड निरोप पाठवला. घरातल्यांचा सल्ला ठरलेला : मोठा प्लॅन घे. शंभरचा होता, तो दोनशे एमबीपीएसचा केला. बिल वाढलं, क्लास होता तिथेच.

असं का होतं, ते नीट समजून घ्यायला हवं. आपल्याला विकतात तो 'स्पीड'. आणि आपल्याला छळते ती दिरंगाई, जिला तांत्रिक भाषेत लेटन्सी म्हणतात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गिझर एका टोकाला आणि मोरी दुसऱ्या टोकाला असलेलं घर डोळ्यांपुढे आणा. नळ कितीही मोठा लावा, उघडल्यावर गरम पाणी यायला जो वेळ लागायचा तो लागणारच. एकदा यायला लागलं, की मोठ्या नळातून बादली भराभर भरेल, तो झाला स्पीड. पण नळ उघडून आपण हात पुढे करून उभ्या राहतो तो वेळ म्हणजे लेटन्सी. सिनेमाला बादली भरण्याशी मतलब असतो. बोलण्याला, शिकवण्याला, मुलाखत देण्याला या थांबण्याशी. साध्या व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुष्कळ होतात. म्हणजे दोनशेचा प्लॅन घेऊन माझ्या मैत्रिणीने नळ मोठा केला होता, गिझर होता तिथेच होता.

ही दिरंगाई मिलिसेकंदात मोजतात, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. त्यात काय एवढं, असं वाटेल. गाणाऱ्याला विचारा! दोन कलावंतांमध्ये साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांहून जास्त अंतर पडलं की एकत्र लय धरणं अवघड होत जातं. हवेतून आवाजाला दहा मीटर जायला साधारण एवढाच वेळ लागतो, म्हणजे तबलजीला दहा मीटर लांब बसवून गाण्यासारखं झालं. आता पुणे ते न्यू जर्सी सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. जाऊन-येऊन सव्वाशे मिलिसेकंद तर निसर्गानेच लावून दिलेले. प्रत्यक्षात केबल वाकड्यातिकड्या रस्त्याने जातात, त्यामुळे दोनशेच्या वर होतात. म्हणून गुरू आणि शिष्या एकाच वेळी समेवर येणं या अंतरावर शक्यच नाही. बाईंनी म्हणायचं, थांबायचं, मग मुलीने म्हणायचं. ऑनलाइन शिकवणाऱ्या सगळ्या गायिकांनी हे केव्हाच स्वीकारलंय. अडतं ते यात आणखी चारशे-पाचशे मिलिसेकंदांची भर पडते तेव्हा, आणि तीही कधी पडते, कधी पडत नाही, तेव्हा. स्थिर उशीर सांभाळून घेता येतो हो, लहरी उशीर नाही घेता येत.

ही भर पडते कुठे? समुद्रात, कंपनीच्या जाळ्यात किंवा आपल्या घरात. समुद्राचं आपण काही करू शकत नाही. उरली दोन. आणि ती वेगळी करायची युक्ती अगदी साधी आहे, ती कोणीही आपल्याला सांगत नाही एवढंच. लॅपटॉप थेट राउटरला तारेने जोडायचा, वायफाय बंद करायचं, आणि स्पीड टेस्ट करायची. स्पीडच्या मोठ्या आकड्याकडे बघायचं नाही, खाली बारीक अक्षरात 'पिंग' लिहिलेलं असतं ते बघायचं. हीच टेस्ट सकाळी सहाला आणि रात्री नऊला. मग तीच आपल्या नेहमीच्या जागेवरून, वायफायवर. आकडे वहीत लिहून ठेवायचे. तारेवर चांगलं आणि वायफायवर वाईट असेल, तर दोष घरात. सकाळी चांगलं आणि रात्री तारेवरही वाईट, तर बहुधा कंपनीने एका वाहिनीवर नको तितकी घरं बसवली आहेत. फायबरची एक वाहिनी साधारण अडीच हजार एमबीपीएसची असते आणि ती बत्तीस, कधी चौसष्ट घरांत वाटली जाते. रात्री नऊला सगळी घरं एकदम जागी होतात. सकाळीही वाईट असेल, तर तार तपासायला सांगायचं.

मैत्रिणीकडे आम्ही हे केलं. तारेवर पिंग अकरा-बारा. तिच्या खोलीत वायफायवर कधी चाळीस, कधी नव्वद, आणि संध्याकाळी साडेसातनंतर चारशे ऐंशी! लाल समुद्र निघाला तिच्याच घरात.

राउटर हॉलमध्ये, टीव्हीच्या कपाटात, दार लावून ठेवलेला. का? तर कनेक्शन आलं तेव्हा लाईनमनने विचारलं, 'कुठे लावू?' आणि घरातल्या पुरुषांनी दाखवली ती जागा. टीव्ही तिथे, सोफा तिथे, म्हणून नेट तिथे. मी त्यानंतर ओळखीच्या घरांत मुद्दाम बघायला लागले. बहुतेक ठिकाणी तेच. आणि घरातली बाई नेट कुठे वापरते? स्वयंपाकघराच्या ओट्याशी फोन टेकवून, किंवा सर्वांत मागच्या खोलीत, जिथे दार लावून बसलं की कुणाला तिच्या कामाचा 'त्रास' होत नाही. माझ्या मैत्रिणीचा रियाज मागच्या खोलीत, का तर बातम्या ऐकू येत नाहीत. मधे दोन भिंती, त्यातल्या एकीला चिकटून लोखंडी कपाट, दुसरीच्या पलीकडे मोरी. वायफायच्या लहरींना धातू आणि पाणी या दोन गोष्टींचं वावडं. त्यात ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान पण भिंतींपुढे नांगी टाकणारा. २.४ चा भिंतीतून जातो, पण तो अख्ख्या बिल्डिंगचा सार्वजनिक नळ आहे. त्याच्या अकरा-तेरा वाहिन्यांपैकी एकमेकांत न मिसळणाऱ्या तीनच, १, ६ आणि ११. आमच्या मजल्यावर फोन उघडला, की बावीस राउटरची नावं दिसतात. मायक्रोवेव्हही याच लहरींवर चालतो. म्हणून दूध गरम करायला ठेवलं की ओट्यावरचा कॉल तुटतो. त्या यंत्राला आपला राग वगैरे नसतो.

आणि ते साडेसातचं कोडं? साडेसातला तिचा नवरा घरी येतो. त्याचा फोन वायफाय पकडतो, आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ गुपचूप वर चढवायला लागतो. दाराबाहेर बसवलेला कॅमेराही चोवीस तास काही ना काही वर पाठवत असतोच. आपण सगळे खाली येणाऱ्या स्पीडबद्दल बोलतो. वर जाणारा रस्ता बऱ्याच प्लॅनमध्ये अरुंद असतो आणि बाईंचा आवाज न्यू जर्सीला त्याच रस्त्याने जायचा असतो. रस्ता भरला की राउटर काय करतो? जादा माल टाकून न देता रांगेत उभा करतो. रांग इतकी लांबते, की बाईंची तान शंभर फोटोंच्या मागे उभी. रेशनच्या दुकानात बारक्या पोराला काडेपेटी हवी असावी आणि पुढे पन्नास जण गव्हाची पोती घेऊन उभे असावेत, तसं.

या दुखण्याला 'बफरब्लोट' म्हणतात. जिम गेटिस नावाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने २०१० च्या सुमारास स्वतःच्या घरातलं नेट का अडतं याचा माग काढताना त्याकडे जगाचं लक्ष वेधलं. स्मृती स्वस्त झाली म्हणून कंपन्यांनी उपकरणांत मोठमोठ्या रांगा बांधून ठेवल्या होत्या, भलं होईल या समजुतीने. त्यावर २०१२ मध्ये एक नामी उतारा शोधला तो कॅथलीन निकोल्स या बाईंनी, व्हॅन जेकबसन यांच्या जोडीने. रांग किती लांब आहे हे न मोजता माल रांगेत किती वेळ उभा आहे ते मोजायचं, असा त्यांचा साधा विचार. रेशनच्या रांगेत उभी राहिलेली कुठलीही बाई हेच सांगेल, म्हणा! आज काही चांगल्या राउटरमध्ये ही सोय असते, 'क्यूओएस' किंवा 'एसक्यूएम' नावाने. ती चालू करून वर जाण्याची मर्यादा खऱ्या वेगाच्या पंच्याऐंशी-नव्वद टक्क्यांवर बांधली, की रांग राउटरच्याच ताब्यात राहते. कंपनीने फुकट दिलेल्या डब्यांत बहुधा ही सोय नसते. मग फोटोंचा बॅकअप रात्री उशिरा, चार्जिंगला लावल्यावरच, अशी सेटिंग करायची. घरातल्या माणसाला एवढं करायला लावणं हे राउटर बदलण्यापेक्षा अवघड जाऊ शकतं, ते सोडा.

बाकी उपाय किरकोळ वाटतात, पण तेच लागू पडतात. राउटर कपाटातून बाहेर, उंचावर, घराच्या मध्यावर. कामाच्या टेबलापर्यंत एक साधी लॅन केबल ओढून घेतली, तर वायफायचा प्रश्नच मिटतो. लॅपटॉपला तिचं भोक नसेल, तर यूएसबीची छोटी जोडणी मिळते. भिंतीत खोचायचे ते स्वस्त एक्स्टेंडर मात्र मी घेणार नाही. ते ऐकलेलं पुन्हा बोलतात, त्यात वेळ आणि वेग दोन्ही जातात. आणि फायबरची ती पिवळी किंवा काळी बारीक तार खिडकीच्या फटीत चेपलेली नाही ना, ते जरूर बघा. तांब्याची तार वाकली तर चालते, काचेच्या तारेतला प्रकाश घट्ट वळणावर बाहेर सांडतो. डब्यावर 'एलओएस'चा लाल दिवा लागला, तर घरात काही शोधू नका, सरळ तक्रार करा.

पण तक्रार करायची म्हणजे काय, ते मी मैत्रिणीच्या शेजारी बसून ऐकलं. कंपनीचं नाव घेत नाही, त्यातल्या कुणाचंही घातलं तरी गोष्ट बदलणार नाही.

'मॅडम, कनेक्शन कोणाच्या नावावर आहे?'

'मिस्टरांच्या.'

'सरांना फोन देता का?'

'सर ऑफिसात आहेत. नेट मी वापरते. तुम्ही मला विचारा.'

'रजिस्टर्ड नंबरवर ओटीपी गेलाय मॅडम, तो सांगा.'

तो नवऱ्याच्या फोनवर. नवरा मीटिंगमध्ये. ओटीपी मेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला लाईनमन आला, तेही तिच्या क्लासच्या ऐन वेळी, आणि त्याने पहिला प्रश्न केला, 'घरात जेंट्स कोणी आहेत का?' मीटर लावून बघ म्हटल्यावर मात्र त्याने प्रामाणिकपणे लावला. ग्रिलमागे तार चेपली होती, ती त्याने पाच मिनिटांत मोकळी केली. त्या कामाला जेंट्सची गरज पडली नाही.

मला इथे खरी गोम दिसते. सरकारी आकडे काय सांगतात बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, इंटरनेट कधीही वापरलं आहे असं सांगणाऱ्या बायका ३३.३ टक्के होत्या, पुरुष ५७.१ टक्के. यात 'वापरलं' एवढंच मोजलंय. घरातलं कनेक्शन कोणाच्या नावावर, ओटीपी कोणाच्या खिशात, राउटर कोणाच्या सोयीच्या जागी, हे त्या आकड्यांत कुठून येणार? वीजबिल, गॅस, घर यांवर बाईचं नाव असावं म्हणून आपण वर्षानुवर्षं बोललो. नेटच्या तारेचं नाव कुणाच्या लक्षातही आलेलं नाही.

आमचं हे शहरातलं रडगाणं झालं, हेही खरं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सिंधुदुर्गातली एक मुलगी डोंगरावर झोपडी बांधून तिथे ऑनलाइन वर्गांना बसायची, ही बातमी तुम्हीही वाचली असेल. २०११ मध्ये केंद्राने ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना आखली, २०१५ पासून तिला 'भारतनेट' म्हणतात. पंचायतीच्या कार्यालयापर्यंत तार पोचणं आणि घरातल्या मुलीपर्यंत नेट पोचणं यांत किती अंतर आहे, ते त्या झोपडीने दाखवलं. २०२५ मध्येही देशातल्या नव्वद कोटींहून जास्त ब्रॉडबँड जोडण्यांत घरात तारेने येणाऱ्या जेमतेम चार-साडेचार कोटी. बाकी सगळा मोबाइलचा कारभार.

आता कायद्याचं. २००४ च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस होतं, २०१३ मध्ये ते ५१२ झालं, जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस. म्हणजे स्पीडची व्याख्या तीनदा लिहिली गेली. लेटन्सीचा नियमही आहे बरं का! 'ट्राय'च्या २००६ च्या नियमांत कंपनीच्या जाळ्यातली लेटन्सी १२० मिलिसेकंदांच्या आत हवी होती. ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत तारेच्या ब्रॉडबँडसाठी ती सरासरी ५० पर्यंत हवी. पण जाहिरातीत, बिलावर, प्लॅनच्या तक्त्यात हा आकडा मला कुठे सापडला नाही. सरासरीत रात्री नऊची गर्दी पहाटे तीनच्या शांततेत विरघळून जाते, ती गोष्ट निराळीच. माझं तर मत आहे, की दुधाच्या पिशवीवर फॅटचं प्रमाण छापतात, तशी संध्याकाळी सात ते दहाची लेटन्सी बिलावर छापायला कंपन्यांना भाग पाडावं. तोवर स्पीडचे मोठे आकडे विकणं सोपंच आहे.

भांडायचं असेल तर रस्ता असा. आधी कंपनीत तक्रार, आणि तिचा डॉकेट नंबर लिहून घ्यायचाच. त्याशिवाय फोन ठेवायचा नाही. समाधान झालं नाही, तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे तीस दिवसांच्या आत. 'ट्राय' एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः ऐकत नाही. पण ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे. टेलिकॉम कंपनीविरुद्ध तिथे जाता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. तिथे आपली ती वही कामाला येते : तारीख, वेळ, तारेवर की वायफायवर, पिंग किती.

मैत्रिणीकडे आता राउटर पॅसेजमध्ये, दाराच्या वर आहे. हॉलची शोभा गेली म्हणून सासूबाई आठवडाभर नाराज होत्या. पॅसेजपासून मागच्या खोलीपर्यंत पांढरी केबल भिंतीच्या कडेने ओढली आहे, त्यासाठी कपाट दोन इंच पुढे घ्यावं लागलं. संध्याकाळचा पिंग आता वीसच्या आत असतो. गेलेल्या दोघींपैकी एक मुलगी परत आली, दुसरी नाही. प्लॅन पुन्हा शंभरचा केला. तसं सांगायला फोन केला, तेव्हा पलीकडचा मुलगा तीनशेचा प्लॅन कसा फायद्याचा ते समजावत होता. तिने विचारलं, 'संध्याकाळची लेटन्सी किती देता?' तो म्हणाला, 'विचारून सांगतो मॅडम.' अजून सांगितलेलं नाही. कनेक्शन तिच्या नावावर करायचा फॉर्मही भरलाय, त्यावर आधीच्या ग्राहकाची सही आणि त्याच्या नंबरवर गेलेला ओटीपी लागतो. नवरा त्या दिवशी दौऱ्यावर होता, म्हणून तो अर्ज पुढच्या आठवड्यात जायचा आहे.